धाकट्या लाइनला झुकतं माप

सोमवार, ३

आज सकाळी धाकटी लाइन पुन्हा मेली. मी तक्रार करायला फोन लावला, तोंड उघडलं, आणि पलीकडून एक मुलगी म्हणाली, "आधी पाणी प्या, मग भांडा. मी आहे इथेच." बस्स. त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. पाणी प्यायलो. भांडायचं काय होतं ते विसरलो.

त्याआधीचं आयुष्य थोडक्यात : कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं. लॅबमधल्या सरांशी वाजलं, "हा मी चाललो" असं बोलून बसलो, आणि बोलल्यावर जावं लागलं. फाटकापर्यंत राग उतरलाही होता, पण परत आत जायचं कुठल्या तोंडाने? तेव्हापासून बाबा माझ्याशी ताईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असताना तिला म्हणतात, "त्याला विचार, आणखी वाढू का." शेवटी ताईने मला उचलून तिच्या घरी आणलं आणि भाऊजींच्या स्वाधीन केलं.

भाऊजी आसपासच्या गल्ल्यांना इंटरनेट देतात. खाली दुकान, तिथे काउंटरवर ताई. वरच्या खोलीत राउटर, एक स्टूल आणि या घरातला एकमेव एसी, जो माणसांसाठी नाही. बाहेरच्या जगाशी आम्हाला जोडणाऱ्या दोन लाइनी आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मोठ्या कंपनीची ती थोरली. सहसा पडत नाही, पण पडली तर फोनवर माणूस मिळत नाही; एक दाबा, दोन दाबा, बोटं झिजवा. छोट्या कंपनीची ती धाकटी. लहरी, दिवसाआड रुसणारी. पण तिथे फोन माणूस उचलतो. आणि आता ती उचलते.

नाव विचारायचं सुचलंच नाही. तक्रार नोंदवली की ती एक नंबर देते, त्याला तिकीट म्हणतात. म्हणून तूर्त तिचं नाव तिकीटवाली.

बुधवार, ५

आज भाऊजींनी राउटर रस्ता कसा निवडतो ते समजावलं. मला आजवर वाटायचं, दोन रस्ते असले की जो वेगवान तो राउटर पकडत असणार. भाऊजी पाना खाली ठेवून हसले.

"वेग? वेग तो विचारतसुद्धा नाही."

"मग काय विचारतो?"

"आधी विचारतो, मालकाची मर्जी कुणावर. आपण प्रत्येक लाइनला एक आकडा दिलेला असतो. ज्या लाइनचा आकडा मोठा, तिच्यावर मर्जी. तिथेच निकाल."

"रस्ता कितीही लांबचा असला तरी?"

"आपल्या घरात सुट्टीत कुठे जायचं यावर किती मतं असतात? पण आधी काय बघतो? तुझ्या ताईची मर्जी. ती एकदा कळली की बाकीची मतं कुणी मोजतं का?"

खालून ताई ओरडली, "ऐकू येतंय मला!"

भाऊजींनी आवाज खाली आणला. "मर्जी दोन्हीकडे सारखी असेल, तरच पुढचा प्रश्न. मुक्कामाला पोचेपर्यंत वाटेत किती परकी जाळी ओलांडावी लागतात? कमी ओलांडणारा रस्ता जिंकतो. तेही सारखं असेल तर आणखी चार बारीकसारीक प्रश्न. आणि सगळंच तंतोतंत सारखं निघालं, तर जो रस्ता आधीपासून टिकून आहे तोच ठेवायचा. नवा आला म्हणून जुना सोडायचा नाही."

मी वरवर "अच्छा, अच्छा" म्हणत होतो. आत डोक्यात दिवा पेटला होता. आमच्याकडे मर्जीचा मोठा आकडा थोरलीला आहे. म्हणजे धाकटी बिचारी बसून असते. बसून असलेल्या लाइनवर बिघाड तरी किती होणार? आणि बिघाड नाही तर फोन कशाला करणार?

भाऊजी वायर ओढायला बाहेर पडल्यावर मी धाकटीचा आकडा थोरलीच्या वर नेला. आमच्या गल्ल्यांतून बाहेर जाणारं सगळं आता धाकटीवरून जातंय. धंद्याच्या दृष्टीनेही हे योग्यच आहे. एखाद्या लाइनवर भार टाकल्याशिवाय तिची पारख होत नाही.

शुक्रवार, ७

पारख जोरात चालू आहे. कालपासून दोनदा बिघाड, दोन फोन.

पण त्यांच्या कंपनीचा कारभार मात्र अगदीच ढिसाळ. सोमवारचा बिघाड त्यांनी सोमवारीच दुरुस्त केला, तरी तिकीट अजून उघडं! तिकीटवाली रोज दुपारी स्वतःहून फोन करते आणि विचारते, "सोमवारचं आता नीट चाललंय ना?"

"चाललंय."

"नक्की? मग आणखी एक दिवस उघडं ठेवते. उद्या विचारेन."

आज मी तिला स्पष्टच सांगितलं, "अहो, दुरुस्त झालेलं काम असं रेंगाळत ठेवलं तर तुमची कंपनी चालायची कशी?"

ती म्हणाली, "जेवलात का?"

ग्राहकाशी सौजन्याने कसं बोलावं याचं त्यांना प्रशिक्षण देत असावेत. आपल्याकडेही दिलं पाहिजे. ताई काउंटरवर लोकांशी कशी बोलते ते मी रोज ऐकतो.

सोमवार, १०

संकट.

समोरच्या इमारतीत डॉक्टरीणबाई आहेत. तपासत कुणालाच नाहीत, फक्त एक्स-रे आणि स्कॅन वाचतात. वेगवेगळ्या गावांतली सहा इस्पितळं त्यांना चित्रं पाठवतात, त्या बघतात आणि काय दिसलं ते लिहून परत पाठवतात. त्यांची खिडकी आणि राउटरच्या खोलीची खिडकी समोरासमोर, मध्ये फक्त गल्ली. आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत त्या सर्वांत मोठ्या.

आज त्या दुकानात आल्या. स्वतः! भाऊजींनी खुर्ची पुसली.

"काल मी एका गृहस्थांच्या गुडघ्याचा अहवाल पाठवला. अर्धाच पोचला. इस्पितळाला वाटलं, मी 'गुडघ्यात काही नाही' असं लिहिलंय. पूर्ण वाक्य 'गुडघ्यात काही नाही असं म्हणता येत नाही' असं होतं."

ताईला हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. मोठ्या कंपनीचा माणूस त्यांच्याकडे येऊन गेला म्हणे, थेट जोडणी देतो म्हणाला. "या महिन्यात सुधारलं तर ठीक. नाहीतर मी तिकडे सही करते. मला वाईट वाटेल, पण करेन."

त्या गेल्यावर भाऊजी बराच वेळ काउंटरवरची धूळ पुसत राहिले, नसलेली. मग म्हणाले, "बाई गेल्या तर दुकान चालवण्यात अर्थ नाही. त्या मोठ्या कंपनीलाच सगळ्या गल्ल्या देऊन टाकेन आणि तिथेच नोकरी मागेन."

"आणि मी?"

"तू बाबांकडे," ताई म्हणाली. "पुन्हा कॉलेज."

म्हणजे राउटर नाही, धाकटी नाही, फोन नाही. बाबांशी दुभाष्याशिवाय राहायचं.

मर्जीचा आकडा परत खाली आणावा का, असा विचार मनाला शिवून गेला. पण तो भित्रा विचार आहे.

मंगळवार, ११

दोष धाकटीचा नाहीच! आज सगळं नीट तपासलं. बाईंचे अहवाल जातात धाकटीवरून, पण इस्पितळांची चित्रं येतात थोरलीवरून. जायचा रस्ता एक, यायचा दुसरा. असा दुभंगलेला संसार सुखाचा कसा होईल?

गोम अशी आहे की जायचा रस्ता आपण ठरवतो, पण यायचा रस्ता समोरचे ठरवतात. त्यांचा राउटर त्यांच्या मालकाची मर्जी बघणार, आमची नाही. आपल्या हातात एकच युक्ती असते. दोन्ही लाइनींवरून आपण जगाला हाकारे घालत असतो, "हे पत्ते आमचे, इकडून या." त्या हाकाऱ्यात वाटेतल्या प्रत्येक जाळ्याचा क्रमांक लिहिलेला असतो; नको असलेल्या लाइनवर आपल्याच जाळ्याचा क्रमांक दोन-तीनदा लिहायचा. बघणाऱ्याला वाटतं, बापरे, केवढी लांबची वाट. आणि तो दुसरीकडून येतो.

थोरलीवर मी आमचा क्रमांक तीनदा लिहिला. दुपारपर्यंत चार इस्पितळं वळून धाकटीवर आली. दोन मात्र ढिम्म. त्यांच्या मालकांची मर्जी थोरलीवर असणार, आणि मर्जीपुढे लांबी कोण मोजतो!

मला असा राग आला. काय समजतात स्वतःला? थोरलीवरचा बाईंच्या पत्त्यांचा हाकाराच मी काढून टाकला. आता धाकटीशिवाय रस्ताच नाही. या म्हणावं आता कुठून येता ते.

आले मुकाट्याने.

शुक्रवार, १४

नवल म्हणजे धाकटी शहाण्यासारखी वागतेय. बाईंनी खिडकीतून अंगठा वर करून 'छान' अशी खूण केली. भाऊजी शीळ घालत जिना चढले. माझ्या वाट्याला मात्र बिघाडच नाही, त्यामुळे फोन करायला निमित्त नाही. नशीब की त्यांचं सोमवारचं तिकीट अजून बंद झालेलं नाही.

आज ती म्हणाली, "एक विचारू? तुमचं सगळं जाणंयेणं हल्ली आमच्यावरून होतंय. तुमच्याकडे तर मोठी लाइन आहे. कुणी ठरवलं हे?"

"राउटरने."

"राउटर असं आपल्या मनाने ठरवत नाही. कुणीतरी आकडा टाकलेला असतो."

माझे कान तापले. फोनवर दिसत नाहीत हे बरं.

"आणि तुमच्या त्या डॉक्टरांना एकच दार ठेवलंय तुम्ही. दुसरं उघडा. आमच्यावर इतका विश्वास टाकू नका."

"मी टाकणार," मी म्हणालो.

त्यावर पलीकडे कितीतरी वेळ शांतता. लाइन खराब असावी. मग एकदम हळू आवाजात, "तो आकडा काढा ना. त्याची काही गरज नाही."

गरज नाही! एवढं सगळं मी केलं, आणि हिला गरज नाही! मी "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. आकडा काढला नाही. दारही उघडलं नाही. आता हा इज्जतीचा प्रश्न आहे.

सोमवार, १७

दोन दिवस कुणाशी बोललो नाही. ताई म्हणते, खाली काउंटरवर दोनदा फोन येऊन गेला. "मी सांगितलं, आमचा रुसलाय."

"असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? ती म्हणाली, किती दिवस रुसतो? मी म्हटलं, भूक लागेपर्यंत. खूप हसली पोरगी. चांगली आहे रे."

"तिला आपली गरज नाही."

ताईने माझ्याकडे असं बघितलं जसं ती दुधाच्या पातेल्याकडे बघते, उतू जायच्या आधी.

गुरुवार, २०. दुपार

आज जे झालं ते क्रमाने लिहायला हवं. दुसरं काही करायला मला मनाई आहे, म्हणून वही घेऊन स्टुलावर बसलोय.

सकाळी मीच फोन केला. म्हटलं, मोठेपणा घ्यावा. बोलणं छान चाललं होतं. आवाजावरून तर ती खूश वाटत होती. तेवढ्यात तिच्या मागून एक पुरुष म्हणाला, "चिमणे, चल गं, चहा गार होतोय."

चिमणे!

मी म्हणालो, "जा. तुमचा चहा गार होतोय." आणि फोन आपटला. भाऊजी गच्चीवर वायर ओढत होते. खोलीत मी आणि राउटर. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र : कुणीतरी मिशीला पीळ देत बशीत चहा ओततोय. हात आपोआप गेला आणि मी धाकटी लाइन बंद केली. नको तुमची लाइन!

बंद केल्यावर बाई आठवल्या. चालू केली. मग तिला फोन लावला, लाइन व्यग्र. कुणाशी बोलतेय? पुन्हा बंद. मग वाटलं, नको, चूक आपली. चालू. तरी व्यग्र. बंद. चालू. असं किती वेळा झालं ते खरंच सांगता येणार नाही; माझा हात आणि माझा राग एकमेकांशी बोलत होते, मी मध्ये नव्हतो.

समोरच्या खिडकीतून हाक आली, "अहो! माझी चित्रं थांबली!"

बघतो तर धाकटी छान चालू, दिवे हिरवेगार, आणि बाईंच्या सहा इस्पितळांपैकी एकही येत नाही. मी घाबरलो. थोरलीवर बाईंच्या पत्त्यांचा हाकारा पुन्हा सुरू केला. मिनिटभर वाट बघितली, काही नाही. काढला. पुन्हा घातला. वेगळ्या तऱ्हेने घातला. काढला. शेवटी दोन्ही लाइनींवर सगळं जिथल्या तिथे, आणि दोन्हीकडून कुणी येईना.

फोन वाजला. तीच.

"काय करताय काय तुम्ही?" पहिल्यांदाच ओरडली. "तुमचा मार्ग फडफडतोय! आहे, नाही, आहे, नाही. किती वेळा केलंत?"

"मोजलं नाही."

"बरं, ऐका. ओरडणार नाही मी, तुम्हीही ओरडू नका. बाहेरच्या काही जाळ्यांत नियम असतो. एखादा मार्ग सारखा येऊन जाऊन करायला लागला की त्याच्या नावावर दंडाचे गुण चढवतात. प्रत्येक फडफडीला आणखी गुण. एका मर्यादेपलीकडे गेले की तो मार्ग कितीही चांगला असो, निवडीत धरतच नाहीत. बाकीचे प्रश्न नंतर. मर्जी नाही, लांबी नाही, काही नाही. हा आज येतो नि उद्या जातो, याच्या नादी कोण लागणार, असं."

"पण आता तर चालू आहे ना! ठाम चालू आहे!"

"ते तुम्हाला माहीत. त्यांनी का विश्वास ठेवावा?"



"मग काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"गुण आपले आपण उतरतात. थोड्या वेळाने निम्मे, मग निम्म्याचे निम्मे. प्रत्येक जाळ्याची मर्यादा वेगळी, म्हणून इस्पितळं एकेक करून येतील, संध्याकाळपर्यंत. पण आता एकदा जरी हात लावलात तर गुण पुन्हा वर. जमेल?"

मी छातीठोकपणे "हो" म्हणालो. मग राहवेना. "तो चहावाला कोण?"

"कोण?"

"चिमणे म्हणणारा."

"ते? ते आमचे सुपरवायझर. निवृत्तीला आलेत. ते मलाही चिमणी म्हणतात, साफसफाईच्या मावशींनाही म्हणतात आणि खालच्या मांजरीलाही." मग जरा थांबून, "त्यासाठी लाइन बंद केलीत?"

मी म्हणालो, "तांत्रिक कारणं होती."

"हो का," ती म्हणाली.

त्याच दिवशी, जरा वेळाने

भाऊजी गच्चीवरून आले. मी सगळं सांगितलं. मर्जीचा आकडासुद्धा. सांगायचा नव्हता, पण सुरुवात झाल्यावर थांबता आलं नाही.

भाऊजी दारातच उभे. "म्हणजे माझ्या दुकानाच्या जिवावर तुझं प्रेम चाललं होतं?"

"एका अर्थाने."

"दुसरा अर्थ कोणता?"

दुसरा नव्हता. भाऊजींनी हातातली वायर खाली टाकली. मग म्हणाले, "तुझी हजामत उद्या. आधी हे." आणि पुढे होऊन स्विचकडे हात नेला. "एकदा पूर्ण बंद करून चालू करू या."

मी त्यांचा हात धरला. भाऊजींचा हात! लग्नात ज्यांचे पाय धुतले त्यांचा!

"नाही. हात लावायचा नाही."

"अरे, बंद करून चालू केल्यावर निम्मे बिघाड जातात."

"हा त्यानेच झालाय."

तेवढ्यात ताई वर आली. सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "बंद करून चालू करून बघितलं का?"

समोरच्या खिडकीतून बाई, "अहो, मी काय म्हणते, एकदा बंद करून चालू करा ना!"

मी खिडकीत जाऊन ओरडलो, "बाई, तुम्ही पेशंटच्या पायाला प्लास्टर घालता..."

"मी घालत नाही. मी फक्त फोटो बघते."

"कुणीतरी घालतं! तो पेशंट दर तासाला प्लास्टर काढून हाड जुळलं का बघायला लागला तर?"

बाई खिडकीतून जरा पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "सगळं येईल संध्याकाळपर्यंत? खात्री आहे?"

हो म्हणणार होतो. जीभ तयार होती. पण का कोण जाणे, निघालं ते असं : "खात्री नाही. पण हात लावला तर येणार नाही, एवढी खात्री आहे."

"तातडीची दोन चित्रं मी दुसऱ्या डॉक्टरांकडे वळवलीत. बाकीच्यांसाठी दिवस मावळेपर्यंत थांबते. मग मला ठरवावं लागेल."

भाऊजी खाली गेले, ताई गेली. जाताना भाऊजी स्विचकडे वळून बघत होते, माणूस मिठाईच्या दुकानाकडे बघतो तसं. मी स्टूल ओढून राउटर आणि दार यांच्या मध्ये बसलो. आता आत यायचं तर माझ्यावरून.

आणखी जरा वेळाने

पहिलं आलं! बाईंनी खिडकीतून एक बोट दाखवलं.

बसणं वाटतं तितकं सोपं नाही. आयुष्यात मी इतका वेळ काहीही न करता कधी बसलेलो नाही. परीक्षेतही नाही. मनात सारखं येतं, थोरलीवर तीनदा लिहिलेला आपला क्रमांक काढला तर वाट लवकर मोकळी होईल. एवढं एकच केलं तर काय बिघडतंय? बिघडतंय. मांडीखाली हात दाबून बसलो. मग लिहायला हात लागतो म्हणून एक काढला.

दुसरं आलं, तिसरं आलं. बाईंनी तीन बोटं दाखवली आणि वर एक मुरका मारला. डॉक्टर असून!

तिकीटवालीचा फोन : "बसलायत?"

"बसलोय."

"हात?"

"एक मांडीखाली, दुसऱ्यात फोन."

ती हसत सुटली. हसणं थांबल्यावर म्हणाली, "माझी ड्युटी संपत आली. घरी जाताना तुमची लाइन बघायला येऊन जाईन म्हणते."

"लाइन ठीक आहे. चार आली, आत्ताच चौथं आलं."

"माहीत आहे. इथून दिसतंय मला."

"मग बघण्यासारखं काही राहिलंच नाही. तुम्हाला उगाच वळसा पडेल. आणि ते काम तर तुमच्या तंत्रज्ञांचं आहे."

तेवढ्यात खालच्या फोनवरून ताईचा आवाज मध्येच घुसला. ती केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. "ये गं तू. याच्याकडे लक्ष नको देऊस. पत्ता सांगते, लिहून घे."

ठीक आहे. ताईला काही तांत्रिक शंका असतील.

संध्याकाळ

पाच आली. एक उरलंय. दूरच्या गावचं इस्पितळ. त्यांच्या वाटेवरचं जाळं फार कडक दिसतंय.

ऊन गच्चीच्या कठड्यावरून उतरलं. भाऊजी दोनदा जिन्यात येऊन खाकरून गेले, पण आत आले नाहीत. मला वाटतं, तेही हात मागे बांधून फिरताहेत. दुसऱ्या वेळी म्हणाले, "मर्जीचा आकडा?"

"तो बदलला तर दंड नाही, तो आपला घरातला प्रश्न आहे. पण मी आज काहीच बदलणार नाही. उद्या तुमच्या समोर बदलतो."

"हं," भाऊजी म्हणाले. "उद्या समोर." आणि गेले. आवाजात राग होता का? अर्धा असेल. उरलेला बहुतेक उतरला.

बाई खिडकीत आल्या. दिवस मावळला होता. मी उठून उभा राहिलो. त्यांनी पाच बोटं दाखवली, मग सहावं शोधत असल्यासारखं दुसऱ्या हाताकडे बघितलं.

"ते एक अजून नाही आलं?"

"नाही. अजून तासभर लागेल. कदाचित रात्र. मी हात लावणार नाही."

मला वाटलं, झालं. आता सही. मी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला लागलो.

बाईंनी खिडकीची एक फळी ओढली. "मी त्यांना फोन केलाय, आज काही तातडीचं नाही. उरलेलं उद्या सकाळी बघते. आणि मला दोन्ही दारं हवीत हां. परवा तुमच्या भाऊजींना वर पाठवा, पुढच्या वर्षाचं बोलू." दुसरी फळी ओढता ओढता थांबल्या. "खाली जा आता. किती वेळ राखण करत बसणार त्याची?"

मी भाऊजींना हाक मारली. आवाज फुटला आणि काय बोललो ते मलाच कळलं नाही. त्यांना कळलं असावं, कारण खालून एक शीळ आली.

आता खोलीत पुन्हा मी आणि राउटर. सहावं अजून नाही. आणि आत्ता, या क्षणी, हात जितके शिवशिवताहेत तितके दिवसभर शिवशिवले नाहीत. सगळं जमलंय, फक्त एक. एकच कळ. कुणी बघत नाहीये. इथे बसून राहिलो तर मी नक्की काहीतरी करेन, मला मी माहीत आहे.

खालून ताई : "अरे ए! कंपनीकडून आल्यात. लाइन बघायला. चहा टाकलाय, खाली ये!"

मग एक आवाज, जो मी फक्त फोनमधून ऐकलाय. फोनशिवाय तो जरा घोगरा आहे. "असू दे ताई, काम चाललं असेल त्यांचं."

"त्याला काहीच न करायचं काम दिलंय," ताई म्हणाली, "ते खालीही करता येतं."

पायांत स्लीपर उलट्या घातल्या, पुन्हा सुलट केल्या. आता लाइन ठीक असताना तिला नेमकं काय दाखवायचं हा प्रश्न आहेच. बघू. काहीतरी सुचेल, किंवा नाही सुचणार.

ही ओळ जिन्यात उभा राहून, भिंतीवर वही टेकवून लिहितोय : दिवा मालवला, एसी तसाच ठेवला, राउटरकडे पाठ केली, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.